पानभर शून्य

रानात फिरून प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या हे आमचं काम, आणि आजची डेटा शीट म्हणजे पानभर शून्य. ठसे शून्य, विष्ठा शून्य, झाडांवरचे ओरखडे शून्य. टीममध्ये नवीन आलेली मुलगी बरोबर होती, तिचा चेहरा पार उतरला होता, म्हणाली ताई एवढं चाललो आणि काहीच नाही, मग हे भरायचं तरी कशाला. तेव्हा पाय इतके दुखत होते की थोडक्यात सांगून मोकळी झाले, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय.

मला विचाराल तर या कामात शून्य भरणं हीच सगळ्यात जबाबदारीची गोष्ट आहे. बिबट्याचा ताजा ठसा दिसला तर कोणीही आनंदाने लिहितो, फोटो काढतो, बाजूला पट्टी ठेवून मोजमाप घेतो. पण काही न दिसलेल्या जागेवर तितकाच वेळ थांबून, तितकंच वाकून बघून मग शून्य लिहायचं, याला वेगळी चिकाटी लागते. कारण प्राणी तिथे असतो आणि तरी आपल्याला दिसत नाही, असं सारखं होतं.

हिशोब करून बघा ना. समजा एखादा प्राणी त्या पट्ट्यात राहतोच आहे, आणि एका फेरीत त्याची खूण सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. म्हणजे एकदाच गेलात तर ७० टक्के वेळा तुम्ही रिकाम्या हाताने येणार. तीन वेगवेगळ्या फेऱ्या मारल्या तरी तिन्ही कोऱ्या जाण्याची शक्यता ३४ टक्क्यांच्या आसपास, पाच मारल्या तर १७. पाच फेऱ्यांनंतरसुद्धा! म्हणून एकाच जागी परत परत जायचं आणि प्रत्येक वेळचं शून्य प्रामाणिकपणे लिहायचं, कधी सापडलं आणि कधी शून्य आलं, या दोन्हींवरूनच आपली नजर किती वेळा चुकते याचा अंदाज बांधता येतो. मॅकेन्झी नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये ही पद्धत नीट मांडली आणि आता फिल्डवर काम करणारे खूप लोक ती वापरतात. यात कोणी कंटाळून एक फेरी न मारताच शून्य भरलं तर अख्खा हिशोब बिघडतो, आणि तो बिघडलाय हे बाहेरून कळतसुद्धा नाही.

कॅमेरा ट्रॅपचंही तेच, म्हणजे रानात बांधून ठेवलेला, समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. लोकांना वाटतं कॅमेरा बांधला की समोरून गेलेलं सगळं पकडलं जातं. आतला सेन्सर हलणाऱ्या उष्णतेचा फरक ओळखतो, त्यामुळे भर दुपारी जमीन तापून प्राण्याच्या अंगाइतकी गरम झाली की समोरून गेलेला प्राणीही कधीकधी सुटतो, आणि उलट उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं की कार्डभर नुसते गवताचे फोटो. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतो, त्यातल्या एकाची बॅटरी गेली की तो वाघ नेमका कोणता ही ओळख अर्धवट राहते. समोरचं गवत कापणं, उंची ठरवणं, तारीख वेळ तपासणं, हे सगळं फोटो येण्याआधीचं काम आहे आणि बराचसा वेळ त्यातच जातो. मला ते मनापासून आवडतं. गुडघ्यावर बसून कॅमेऱ्याच्या उंचीवरून वाटेकडे बघितलं की ती वेगळीच दिसते, प्राणी कुठून वळेल, कुठे थांबून वास घेईल, सगळं सुचायला लागतं.

रानपिंगळ्याची गोष्ट तर मी टीममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. 1884 नंतर या घुबडाची एकही खरी नोंद नव्हती. मधे माइनर्टझहागेन नावाच्या संग्राहकाने 1914 साली भलत्याच जागी तो आपल्याला मिळाल्याचा दावा केला, पण तो नमुना दुसऱ्याच्या जुन्या संग्रहातला चोरलेला निघाला. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, ती खोटी जागा बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे गेल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. 113 वर्षांनी! आणि हा पक्षी दिवसाउजेडी वावरणारा बरं का, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर उघडा बसणारा. पुढे मेळघाटातही सापडला. तो तिथे होताच, खोट्या नोंदीने लोकांना भलत्या जागी फिरवलं. ही गोष्ट सांगताना अजूनही मला राग येतो आणि आनंदही होतो.

खरी भीती वाटते ती एका फेरीत उरकलेल्या अहवालांची. ऐन उन्हाळ्यात कोणीतरी एखाद्या माळावर एक चक्कर मारतं आणि लिहितं, इथे काही महत्त्वाचं आढळलं नाही. मग त्या वाक्यावर रस्ता होतो, खाण होते. माळावरचे कित्येक बेडूक कोरड्या महिन्यांत जमिनीखाली असतात, पाऊस पडल्यावर रात्री ओरडायला लागतात, तेव्हाच कळतं किती जाती आहेत ते. उन्हाळ्यात ते दिसणार कसे? आढळलं नाही याच्यासोबत कधी शोधलं, किती वेळ, किती जणांनी, किती वेळा गेलो, हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते वाक्य कोणालाही कशासाठीही वापरता येतं.

सुट्टीच्या दिवशी मी शीट न घेता फिरते. वाट सोडून ओढ्याने वर जायचं, थकलं की बसायचं, काही मोजायचं नाही. तरी मान खालीच असते, ओल्या मातीकडे, दगडावरच्या वाळलेल्या विष्ठेकडे, त्यात केस आहेत का बिया आहेत ते काडीने उकलून बघायचं. बरोबर आलेले मित्र वैतागतात, त्यांना शिखरावर पोचायचं असतं. पण नेहमीचे कामाचे पट्टे कधीकाळी असेच भटकताना हेरलेले आहेत, नकाशावर ते कधीच सुचले नसते.

पाऊस आला की माळावरच्या तळ्याच्या रात्रीच्या फेऱ्या सुरू करायच्यात. गेल्या पावसाळ्यात तिथे एकच रात्र मिळाली होती, यंदा पहिल्या सरींपासून शेवटपर्यंत अंतर ठेवून चार रात्री तरी हव्यात, प्रत्येक जातीचा ओरडायचा काळ वेगळा असतो. रेकॉर्डर आत्ताच मागून ठेवते, नंतर मिळत नाही. आणि फॉर्मवर एक रकाना वाढवायचाय, किती मिनिटं ऐकलं तो, आवाज आला तरी आणि नाही आला तरी भरायचा.