डेंग्यू की झिका?

आज प्रयोगशाळेत दिवसभर एकाच प्रश्नावर काम चालले होते: डेंग्यूसाठी तयार केलेली आयजीएम एलायझा चाचणी (संसर्गाविरुद्ध शरीर सुरुवातीला तयार करते ती आयजीएम प्रतिपिंडे रंगावरून ओळखणारी) झिका होऊन गेलेल्या रुग्णाच्या सीरमला, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाला, कितपत फसते? डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्याच्या प्रतिजनालाही (विषाणूच्या ज्या भागाला प्रतिपिंडे चिकटतात त्यालाही) चिकटू शकतात, आणि मग प्लेटवर उमटलेल्या पिवळ्या रंगाला कुठपासून 'पॉझिटिव्ह' म्हणायचे, ही सीमारेषा फार जपून आखावी लागते. चिकुनगुन्याचे कूळ वेगळे असल्याने तिथे हा गोंधळ कमी.

पुण्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. राज्यातील पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे आढळला आणि २०२४ मध्ये एरंडवण्यासह शहराच्या काही भागांत रुग्ण सापडले. गर्भवतीच्या बाबतीत तर डेंग्यू की झिका, यावर पुढची सारी देखरेख अवलंबून असते.

दुपारी एका तरुण डॉक्टरांचा फोन आला. तापाच्या दुसऱ्या दिवशीचे आयजीएम निगेटिव्ह आले म्हणून त्यांनी डेंग्यूची शक्यताच बाजूला ठेवली होती. सुरुवातीच्या दिवसांत एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी) किंवा आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए शोधणारी) चाचणी करावी, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर भरवशाचे ठरते, हे त्यांना सविस्तर सांगितले. (अहवालावर तापाचा दिवस छापणे सक्तीचे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.)

संशयास्पद नमुने आता उदासीनीकरण चाचणीला (रुग्णाची प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतात हे पाहणाऱ्या) लावले आहेत. तिच्यासाठी पेशींवर विषाणू वाढवावा लागत असल्याने निकालाला काही दिवस लागतील.