सवय झाली असेल ना?

फोंड्याच्या बाजारात, लग्नघरात, शाळेच्या फाटकापाशी एकच प्रश्न: "वहिनी, पाच बाळंतपणं! शेवटी शेवटी सवय झाली असेल ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही झाली. आणि पाच का, हा आम्हा नवराबायकोचा प्रश्न. त्याचं उत्तर इथे मिळणार नाही.

पहिल्या खेपेला बाळ झाल्यावर गर्भाशय घट्ट आवळून राहतं. पुढच्या खेपांना ते सैल पडतं, पुन्हा आवळतं, म्हणून बाळंतपणानंतरच्या कळा दर खेपेला वाढतात. बाळाला अंगावर घेतलं की जास्तच.

चौथ्या खेपेची एक रात्र. बाळ दूध ओढू लागलं आणि अशी कळ आली की मी उशीचा अभ्रा दातांत धरला. बाळाला ओढून बाजूला टाकावंसं वाटलं. हो, वाटलं. पलीकडून आतेसासूबाई म्हणाल्या, "आमची आठ-आठ झाली, कुणी हूं की चूं केलं नाही." सासूबाई मात्र उठल्या. मला धरून न्हाणीत नेलं, लघवी करवली, मग पोटाखाली उशी घेऊन पालथं निजवलं. कळ उतरली. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला नीट आवळू देत नाही, हे मला नंतर नर्सने समजावलं. सासूबाईंना त्यांच्या वैजिणीने, म्हणजे सुईणीने, शिकवलं होतं. त्यांची सगळी घरीच झाली, वार परसात पुरलेली. त्याच वैजिणीने त्यांचं पाणी पिणंही बंद केलं होतं, म्हणून जुन्याचे गोडवे मी गात नाही. कोंडलेल्या खोलीतली धुरी तर मुळीच नको.

पण मेथीची पेज, तेल, हळिवाचे लाडू आणि सव्वा महिना अंथरूण हे पहिल्या खेपेला मला पुरेपूर मिळालं. बाळंतपणानंतर किलोभराचं झालेलं गर्भाशय मूळ आकाराला यायला सहा आठवडे लागतात, तेव्हा तो हिशेब काही वेडा नव्हता. पाचव्या खेपेला अंगावरून जायचं थांबलं नव्हतं तरी मी चौघांचे डबे भरत होते. का, तर हिला सवय आहे! बायांनो, जास्त बाळंतपणं झालेल्या बाईला रक्तस्रावाचा धोका जास्त असतो. तासाभरात पॅड पूर्ण भिजलं तर लाडू ठेवा आणि हॉस्पिटल गाठा.

मग त्या रात्रीनंतर पाचवं कसं, म्हणाल. त्या रात्री मी "पुरे" म्हटलं होतं, अगदी मनापासून. ती मी खोटी होते असं मला म्हणवत नाही. आणि धाकटी नसती तर बरं झालं असतं, असंही नाही.