सादळलेला व्हीसीआर

परवा दुपारी पाऊस जरा उघडला म्हणून माळ्यावर चढलो, तर हाताला आत्याच्या लग्नाची कॅसेट लागली. झरोक्यातून बघितलं; रिळाच्या कडेला पांढरी भुकटी, लोणच्यावर येते तशी. शेजारीच झालरीचं कव्हर घालून व्हीसीआर, म्हणजे कॅसेट टीव्हीवर दाखवणारं यंत्र, बसलेला.

आमच्याकडे आषाढ-श्रावणात काय सादळत नाही? पापड, काडेपेटी, कपाटातली पँट, शेजाऱ्यांशी असलेलं बोलणंसुद्धा. पण सादळल्याचं तोंडानं कबूल करणारी वस्तू मी एकच पाहिली, ती ही. काकांनी कुवेतहून आणलेली. गणपतीचे दिवस, आरती आटपलेली, अर्धी वाडी पडवीत दाटीनं बसलेली. काकांनी कॅसेट आत सारली आणि यंत्रानं ती तशीच बाहेर काढून दिली. काचेवर इंग्रजीत तीन अक्षरं: ड्यू. अण्णांनी डिक्शनरी काढली. "दव," ते म्हणाले. माजघरातून आजी म्हणाली, "थंडी लागली आसतली त्येका. चुलीकडे ठेवा."

हसलो सगळे, पण म्हातारीचं निदान बरोबर होतं. आतलं चकचकीत ढोलकं मिनिटाला १५०० फेरे घेतं, त्याला अर्ध्या इंचाची टेप लपेटलेली. ढोलकं ओलसर असेल तर कच्च्या तव्याला घावन चिकटावं तशी टेप चिकटते, गुंडाळते, तुटते. म्हणून यंत्रच संप करतं. चूल नाही, पण झाकण काढून वर साठचा बल्ब लोंबता ठेवला. तोवर भजन झालं. मग अक्षरं विझली, टाळ्या पडल्या, आणि लाइट गेली.

पुढे अण्णांना झाकण उघडायचा नादच लागला. चित्रात मुंग्या आल्या की वाडीतला प्रत्येक जण ठरलेलं सांगे, "हेड गेलं." हेड म्हणजे त्या ढोलक्यावरचं, टेपवरचं चित्र वाचणारं टोक. अण्णांना या दोन शब्दांचा भयंकर राग. निम्म्या वेळा हेड नुसतं मळलेलं असे, आणि कॅसेट अडकली तर आतला रबरी पट्टा सैल झालेला. तालुक्याला नेलं की मात्र हेड जायचंच, आणि बिलही त्याच मानानं यायचं. हेड पुसायला कापूस घेतलेला त्यांना चालत नसे, तंतू अडकतात. मऊ कातड्याचा तुकडा, त्यावर स्पिरिट, आणि हात आडवाच फिरवायचा. उभा फिरवला की हेड खरंच गेलं. मी एकदा उभा फिरवला होता. हे अण्णांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

२०१६ च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनंही व्हीसीआर बनवणं थांबवलं, तेव्हा आता पट्टा मिळणं कठीण. बुरशीची कॅसेट तशीच लावली तर ती बुरशी हेडवर जाणार, म्हणजे आधी टेप साफ करायला हवी. दिवाळीनंतर बघू, हवा कोरडी झाली की. गेली सहा वर्षं मी हेच म्हणतोय.

खाली आलो. चहा टाकायला गॅसपाशी गेलो. तिसरी काडी ओढतोय, नुसताच गुल निघतोय.