दुसऱ्याच्या बागेतली सुट्टी

संत्र्याच्या बागेशी बांधलेल्या संसारात नवरा-बायकोला एकत्र आणि निवांत असा वेळ फारसा मिळत नाही. जानेवारीत आंबियाचा, म्हणजे हिवाळी बहाराचा, फुलोरा, त्यापाठोपाठ फळगळीची काळजी, उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याची ओढाताण, पावसाळ्यात खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाचा धोका, दिवाळीच्या सुमारास तोडणी, आणि मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा बहार, धरला असेल तर थेट फाल्गुनापर्यंत व्यापाऱ्यांची ये-जा. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरूड तालुक्यात, बहुतेक घरांचे वर्ष असेच सरते. यंदा मृगाचा माल वेळेत तुटला आणि पैसेही हाती आले. माझी शाळेतली नोकरी संपून काही काळ झाला होता आणि बागेच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळण्याची तयारी दिरांनी आपणहून दाखवली. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवले की या वेळी लग्नकार्य नाही, तीर्थयात्रा नाही, मुलीच्या घरचे कामही नाही. फक्त विश्रांतीसाठी म्हणून कुठेतरी जायचे.

आठवड्याभरात पाच-सहा देश दाखवणाऱ्या सहलींच्या जाहिराती आम्ही पाहिल्या होत्या. पहाटे पाचला उठायचे, बसमध्ये बसायचे, मनोऱ्यासमोर छायाचित्र काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे, हा प्रकार आम्हा दोघांनाही नको होता. पुण्याच्या मुलीने भूमध्य समुद्राचा नकाशा उघडून सिसिलीवर बोट ठेवले आणि म्हणाली, “बाबा, इथे संत्री पिकतात.” तिने एवढे सांगितल्यावर ह्यांनी दुसऱ्या कोणत्याही जागेची चौकशी केली नाही.

सिसिली हे भूमध्य समुद्रातले सर्वांत मोठे बेट असून ते इटलीच्या पायाशी आहे. आपला अमरावती जिल्हा आणि शेजारचा यवतमाळ जिल्हा एकत्र केला तर जेवढी भूमी होईल, साधारण तेवढेच, म्हणजे 25 हजार चौरस किलोमीटरहून थोडे अधिक असे त्याचे क्षेत्रफळ आहे. दोन जिल्हे पाहायचे म्हटले तर घाई कशाला करायची, या विचाराने आम्ही बेटाची पूर्व बाजू तेवढी निवडली आणि पालेर्मो, आग्रिजेंतो ही पश्चिमेची व दक्षिणेची नावाजलेली ठिकाणे मनातून काढून टाकली. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

नागपूरहून दोहा आणि तिथून रोम हा प्रवास विमानाने झाला. पुढचा मात्र आम्ही मुद्दाम रेल्वेने केला, कारण जगात फार थोड्या ठिकाणी उरलेली एक गोष्ट त्या वाटेवर पाहायला मिळते. रोमहून रात्री निघालेली गाडी सकाळी इटलीच्या टोकाला व्हिला सान जोव्हान्नी या बंदरात येऊन थांबते. तिथे तिचे डबे सुटे करतात आणि एका मोठ्या जहाजाच्या पोटात घातलेल्या रुळांवर ते तुकड्यातुकड्यांनी ढकलतात. डब्यात बसल्या जागी आधी अंधार झाला, मग साखळ्यांचा आवाज आला आणि थोड्या वेळाने पायाखालची जमीन हळूच हलू लागली. आम्ही डब्यातून उतरलो आणि लोखंडी जिना चढून जहाजाच्या वरच्या मजल्यावर गेलो. समोर मेसिनाची सामुद्रधुनी होती, जी सर्वांत अरुंद जागी तीन किलोमीटरच्या आसपासच रुंद आहे. पलीकडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी गाव आणि मध्ये गर्द निळे पाणी होते. डबे चढवणे, उतरवणे आणि पुन्हा जोडणे यात बराच वेळ जातो. ज्याला घाई आहे त्याने विमानाने जावे. आम्हाला घाई नव्हती.

पहिला मुक्काम सिराकुसा शहराच्या ओर्तिजिया या जुन्या भागात होता. हा भाग म्हणजे मुख्य भूमीला पुलांनी जोडलेले एक छोटे बेटच आहे. कोरिंथहून आलेल्या ग्रीकांनी इ. स. पूर्व आठव्या शतकात ते वसवले. आर्किमिडीज याच शहरातला, आणि इ. स. पूर्व 212 मध्ये रोमनांनी शहर जिंकले तेव्हा तो येथेच मारला गेला. शाळेत मी वर्षानुवर्षे त्याचे तत्त्व शिकवले, म्हणून त्याच्या गावच्या गल्लीतून चालताना मला जे समाधान वाटले ते शब्दांत मांडणे कठीण आहे.

तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आम्ही रोज थोडा वेळ जाऊन बसत असू. इ. स. पूर्व पाचव्या शतकात तिथे अथेना देवीचे मंदिर होते. पुढे सातव्या शतकात त्याचे चर्च झाले, अरबांच्या काळात मशीद झाली आणि मग पुन्हा चर्च झाले. ते करताना मंदिराचे जाडजूड खांब कुणी पाडले नाहीत. दोन खांबांमधली जागा दगडांनी भरून घेतली आणि भिंत तयार केली. आजही भिंतीतून खांब बाहेर आलेले दिसतात. माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत ते हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झाले आहेत आणि त्याच्या वर दगडाचा खडबडीतपणा तसाच टिकून आहे. 1693 च्या भूकंपाने या परिसरातली कित्येक गावे जमीनदोस्त झाली. चर्चचा दर्शनी भाग त्यानंतर नव्याने बांधला, पण ते खांब टिकले.

सकाळी बाजार, दुपारी झोप आणि संध्याकाळी समुद्राकाठी फेरफटका, असा आमचा दिनक्रम झाला होता. दुपारी एक वाजला की दुकानांची शटरे खाली येतात आणि चार-साडेचारपर्यंत गल्लीत शुकशुकाट असतो. वैशाखातल्या वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या उन्हाची तीव्रताही लहानसहान नाही. 11 ऑगस्ट 2021 रोजी सिराकुसाजवळ 48.8 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने तो युरोपचा उच्चांक म्हणून मान्य केला. आम्ही एप्रिलमध्ये होतो, त्यामुळे सकाळी अंगावर हलकी शाल घ्यावी लागत होती आणि त्याच वेळी घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर पारा 42 च्या पुढे गेल्याचे कळत होते. गावाच्या टोकाला अरेतुसा नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. समुद्रापासून काही पावलांवरच्या त्याच्या कुंडात पपायरसची उंच झाडे वाढतात. संध्याकाळी आम्ही दोघे कठड्यावर बसून त्यातली बदके पाहत असू. लग्नानंतर इतका वेळ, कामाचा विषय न काढता, आम्ही एकमेकांशी बोलल्याचे मला आठवत नाही.

दुसरा मुक्काम एट्ना ज्वालामुखीच्या दक्षिण-पश्चिम उतारावर, पातेर्नो गावाजवळच्या एका शेतावर होता. आमची सुट्टी खऱ्या अर्थाने इथे सुरू झाली. इटलीत शेतकऱ्याने आपल्या घरी पाहुणे ठेवण्याचा व्यवसाय 1985 च्या कायद्याने मान्य केला असून मुख्य काम शेतीचेच राहिले पाहिजे, अशी त्यात अट आहे. त्यामुळे आम्ही एखाद्या हॉटेलात नव्हे, तर कामाच्या गडबडीत असलेल्या घरात उतरलो होतो. शेतकरी काका-काकू आमच्याच वयाचे. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि आम्हाला इटालियन. मोबाइलवरच्या भाषांतराने आणि हातवाऱ्यांनी काम भागत होते.

पहिल्याच सकाळी खिडकी उघडली आणि फुलोऱ्याचा वास घरात आला. आमचा आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत फुलून गेला होता, त्यामुळे एका वर्षात दुसऱ्यांदा तो वास मिळण्याचे भाग्य आम्हाला लाभले. हे चहा अर्धवट टाकून बागेत गेले आणि तिथून त्यांनी मला हाक मारली, “अवो, या झाडावर फूल बी हाये अन् मांगचं फळ बी हाये.” उशिरा पिकणाऱ्या तारोक्को जातीची ती झाडे होती, पांढऱ्या फुलांच्या शेजारीच गेल्या हंगामाची फळे लटकत होती.

काकांनी सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, देठासकट एक फळ कापले, सुरीने आडवे चिरले आणि दोन्ही अर्धे आमच्या पुढे धरले. बाहेरून नारिंगी सालीवर किंचित लाली होती. आत मात्र मधोमध केशरी गर होता आणि कडेकडेने गर्द लाल रेषा पाकळ्यांत उतरल्या होत्या. चवीला ते आपल्या नागपुरी संत्र्याहून अधिक गोड नाही, पण त्याला एक आंबटसर खोली आहे. हा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असून तो थंडीशिवाय येत नाही. दिवसा ऊन आणि रात्री एट्नावरून उतरणारा गारवा, अशा हवेत फळ पिकले तरच गर तांबडा होतो. म्हणून त्याच जातीची झाडे उष्ण जागी लावली तर रंग फिका पडतो. सिसिलीच्या या लाल संत्र्याला 1996 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले आणि आपल्या नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन 2014 मध्ये मिळाले. त्यांच्या पेट्यांवर मानांकनाची खूण ठळक छापलेली असते आणि गिऱ्हाईक ती पाहून जास्त पैसे मोजते. आपल्याकडे मात्र बागायतदार अजूनही उक्ता बगीचा देतो, म्हणजे झाडावरचा माल एकरकमी विकून टाकतो, आणि पुढे फळ कोणत्या नावाने विकले जाते हे त्याला कळतही नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

ह्यांचा आणि काकांचा सर्वांत लांब संवाद ताण देण्यावर, म्हणजे पाणी तोडून झाडाला फुलोऱ्यावर आणण्यावर, झाला. आपण मृग बहारासाठी एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडतो आणि पावसाच्या ओलाव्यावर फुलोरा घेतो. सिसिलीचे शेतकरी हाच उपाय लिंबावर करतात. जून-जुलैत झाडे मलूल होईपर्यंत ते पाणी बंद ठेवतात, मग खत व भरपूर पाणी देतात आणि त्यातून येणाऱ्या अवेळी फुलोऱ्याची हिरवी लिंबे पुढच्या उन्हाळ्यात, बाजारात माल कमी असताना विकतात. हे कळल्यावर ह्यांनी मोबाइलमधली आपल्या बागेची छायाचित्रे काढून दाखवली. खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याचा, विषयही निघाला. आपण संत्र्याचे कलम जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधतो, तर तिथे पूर्वी कडू संत्र्याचा खुंट वापरीत. या शतकाच्या सुरुवातीला ट्रिस्टेझा विषाणूने त्या खुंटावरच्या बागा वाळू लागल्या, त्यामुळे अनेकांना बागा उपटून दुसऱ्या खुंटावर नव्याने लावाव्या लागल्या. काकांनी स्वतःच्या शेताचा तो कोपरा दाखवला. काही वेळ दोघेही काही बोलले नाहीत. वाळलेली बाग उपटण्याचे दुःख काय असते हे त्यांना एकमेकांना सांगावे लागले नाही.

पाण्याची ओढ तिथेही आहे. 827 नंतर अरब या बेटावर आले, त्यांनी कडू संत्री आणि लिंबे आणली आणि दगडी टाक्या व पाटांनी ओलिताची पद्धत रुजवली. त्या धर्तीच्या टाक्या आजही शेताशेतांत दिसतात. 2024 मध्ये मात्र दुष्काळामुळे बेटावर आणीबाणी जाहीर करावी लागली आणि शहरांत पाणी मोजून द्यावे लागले. आमच्या तालुक्यात बोअरवेल किती खोल गेल्या आहेत हे ह्यांनी सांगितले तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला.

एट्नाचे शिखर 3,300 मीटरहून उंच आहे. त्याच्या तोंडातून धुराची पांढरी रेघ जवळजवळ रोज निघताना दिसे. आमच्या वावरातली काळी माती दख्खनच्या ज्या लाव्ह्यापासून झाली तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेच काम एट्नावर आज डोळ्यांदेखत चालले आहे. उतारावर काही ठिकाणी नुसता काळा, धारदार खडक आहे. त्याहून जुन्या प्रवाहावर पिवळ्या फुलांची झुडपे उगवली आहेत आणि आणखी जुन्यावर पिस्त्याच्या व द्राक्षांच्या बागा आहेत. मी भूगोलाच्या तासाला जे फळ्यावर काढत असे ते सगळे टप्पे तिथे एकाच वाटेवर पाहायला मिळाले. 1669 चा लाव्हा कॅटानिया शहरापर्यंत पोहोचला होता, आणि त्या शहरातल्या अनेक इमारती अशाच काळ्या दगडाच्या आहेत. मुख्य चौकात काळ्या लाव्ह्याचा एक हत्ती पाठीवर स्तंभ घेऊन उभा आहे. ह्यांनी त्याच्यापुढे हात जोडले, हे मला फार आवडले.

पर्वताभोवती फिरणारी एक अरुंद रुळांची रेल्वे आहे, जी 1895 पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आम्ही तिने रांदात्सोपर्यंत गेलो. माझे माहेर अंजनगावचे, त्यामुळे मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद रुळांवरच्या शकुंतला रेल्वेतून मी लहानपणी अनेकदा प्रवास केला आहे. आमची शकुंतला बंद पडली. तिथली गाडी मात्र शाळेची मुले, पेन्शनर आणि भाजीच्या पिशव्या घेऊन अजून धावते आहे आणि तिच्या खिडकीतून ब्रोंते गावच्या पिस्त्याच्या बागा दिसतात.

आम्ही दोघे माळकरी असल्यामुळे जेवणाची चिंता होती, ती पहिल्याच दिवशी मिटली. कॅटानियाकडे तळलेली वांगी, टोमॅटो आणि खारे चीज घालून केलेला पास्ता सगळीकडे मिळतो. वांग्याची आंबटगोड कापोनाता तर ह्यांनी रोज मागवली. नाश्त्याला बदामाची बर्फाळ ग्रानिता आणि मऊ पाव असतो. वरूथिनी एकादशीला आम्ही पाव बाजूला ठेवून ग्रानिता, पिस्ते आणि संत्री यांवर उपवास केला. काकूंनी एकदा संत्र्याच्या चकत्यांवर कांदा, ताजी बडीशेप, मीठ आणि ऑलिव्ह तेल घातलेली कोशिंबीर वाढली. जन्मभर संत्री खाल्लेल्या आम्हाला तिची कल्पनाही नव्हती.

आमच्यासारख्या बागायतदार जोडप्यांना जायचे असेल तर एप्रिल उत्तम, कारण तेव्हा फुलोरा आणि उशिराचे फळ दोन्ही पाहायला मिळतात. ज्यांना तोडणीचा भर पाहायचा आहे त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावे. शेतावरचा मुक्काम आधी आरक्षित करावा आणि तिथे पोहोचायला गाडी लागेल का, हे विचारून घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी कागदपत्रे बरीच लागतात. सातबारा आणि बँकेचे खातेपुस्तक यांच्या नोटरी केलेल्या इंग्रजी भाषांतराची तयारी तोडणी सुरू होण्याआधीच करून ठेवावी, कारण एकदा माल सुटला की तहसीलच्या गावी जायलाही कुणाला सवड मिळत नाही.