कीबोर्ड गेला आणि ओपी-सचिनदा कळले

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, वीसेक वर्षं झाली. आमच्या लाइनमध्ये कीबोर्डवाला म्हणजे अर्धा ऑर्केस्ट्रा, ॲकॉर्डियन मीच, माउथ ऑर्गन मीच, व्हायोलिनचा ताफा पण मीच, त्यामुळे थोडा माज असतो, खोटं कशाला बोलू.

पुण्यात उपनगरातल्या एका नाट्यगृहात दिग्दर्शक गुरुदत्तच्या सिनेमांतल्या गाण्यांचा शो होता. पहिला हाफ संगीतकार ओ. पी. नय्यर, दुसरा सचिनदा, म्हणजे एस. डी. बर्मन. खरं तर क्रम उलटा पायजे, कारण १९५१ चा 'बाझी' आणि ५२ चा 'जाल' सचिनदांचे, मग ५३ च्या 'बाज'ला ओपी आले, सिनेमा पडला, तरी गुरुदत्तने 'आरपार' त्यांनाच दिला आणि पुढचं सगळ्यांना माहितीये. आणि ५७ ला 'प्यासा' करताना स्वारी परत सचिनदांकडे. पण आयोजक म्हणाले, आधी लोकांना टाळ्या वाजवू द्या, रडवायचं नंतर बघू.

दुसरंच गाणं चालू होतं, 'बाबूजी धीरे चलना', आणि माझा अडॅप्टर गेला. डिस्प्ले काळा, आवाज बंद. स्पेअर अडॅप्टर घरी, फ्रीजवर.

ओपी वाजवताना लपायला जागा नसते हो! मुखड्याइतकेच मधले वाद्यांचे पीसेस लोकांना पाठ असतात. त्यांचे अरेंजर सेबास्टियन डिसूझा, गोव्याचा माणूस, असल्या लोकांनी एकेक सूर कागदावर लिहून बसवलेलं काम ते, त्यातला एक पीस गळला तरी पुढच्या रांगेतला काका मान वर करून बघतो. बासरीवाल्याने निम्मं उचललं, व्हायोलिनवाल्याने निम्मं, मधे भोकं पडतच होती. पण ढोलकवाल्याने ठेका असा धरून ठेवला की गाणं काही पडेना. 'जाने कहाँ मेरा जिगर गया जी'ला तर टाळ्या ठेक्यावर, पब्लिकच रिदम सेक्शन झालं.

हाफ संपवायला 'ये है बम्बई मेरी जान'. (ते 'सीआयडी'चं, दिग्दर्शक राज खोसला, पण निर्माता गुरुदत्तच, म्हणून घुसवलं होतं.) त्याची सुरुवातच माउथ ऑर्गनची, म्हणजे माझी. मी नुसताच उभा. दोन सेकंद शांतता आणि मग बाल्कनीतून कुणीतरी तोच पीस शिट्टीवर काढला, सुरात, अख्खा! हॉल कोसळला अक्षरशः. मी पण हसलो, आतून जरा लागलं.

इंटरव्हलमध्ये गायिका म्हणाली, "दादा, सचिनदांचं काय करायचं आता? तिथे ठेका पण वाचवणार नाही." मला पण तेच वाटत होतं. मग आठवलं की गुरुदत्तला गाण्याआधी लांबलचक म्युझिक आवडायचंच नाही, बोलता बोलता गाणं सुरू झालं पायजे असा त्याचा हट्ट. 'आरपार'मधलं गॅरेजमधलं 'सुन सुन सुन सुन ज़ालिमा' बघा, भांडणाचंच गाणं होऊन जातं. म्हटलं, निवेदकाचं वाक्य संपलं की थेट शब्द उचला, हार्मोनियमवर फक्त सूर धरतो.

'जाने वो कैसे लोग थे' तसंच झालं. पेटी, तबला अगदी हलका, मधले पीसेस सरळ गाळले. कुणाची मान वर झाली नाही. गीतकार साहिरचे शब्द आणि सचिनदांची चाल एकमेकांना इतकी चिकटलीयेत की मधे वाद्य नसलं तरी फट दिसत नाही. 'वक़्त ने किया'ला तर मी दुसऱ्या कडव्यात पेटी पण थांबवली, गायिकेचा एकटीचा आवाज. 'कागज़ के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओत कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरशांवरून उन्हाचा तो एक झोत आत आणलाय ना, तेवढंच काहीतरी. खोकला पण आला नाही कुणाला.

म्हणून ओपी उथळ, सचिनदा खोल असलं काही मी म्हणणार नाही, आमच्या ग्रुपमधले काहीजण म्हणतात. ओपीचं गाणं रस्त्यावर चालतं, त्याला चाकं लागतात, आणि गुरुदत्तला टॅक्सी, ऑफिस, स्विमिंग पूल दाखवायचे होते तेव्हा ती चाकं ओपीकडेच होती. आशाचं राहू दे, गीता दत्तच्या आवाजातला खट्याळपणा ओपीने काढला तेवढा मला तरी दुसरीकडे सापडत नाही. आणि त्याच बाईकडून 'वक़्त ने किया' सचिनदांनी गाऊन घेतलं.

शो संपल्यावर एक आजोबा स्टेजवर आले, गायिकेला नमस्कार, ढोलकवाल्याची पाठ थोपटली, शिट्टीवाला कोण होता विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही साउंडवाले का?"