तुम्ही विचारलंत म्हणून: लायकमिंग की कॉन्टिनेंटल?

फ्लाइंग शिकणारी मुलं आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे वडील मला हमखास विचारतात, "सिलिंडर कोणाचे चांगले, लायकमिंगचे की कॉन्टिनेंटलचे?" या दोन्ही छोट्या विमानांची पिस्टन इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या. त्यावर मी उलट विचारतो: विमान उभं कुठे असतं, आणि आठवड्यातून किती उडतं?

घडण दोन्हींची सारखीच. खाली पिस्टन ज्यात फिरतो तो पोलादी नळा, म्हणजे बॅरल, वर ॲल्युमिनियमचं झाकण, म्हणजे हेड. हेड तापवून बॅरलवर आट्यांनी बसवतात. निवलं की ते कायमचं आवळून बसतं. बॅरल वरच्या टोकाला मुद्दाम केसभर अरुंद ठेवतात. ती बाजू जास्त तापते, जास्त फुगते, त्यामुळे उडताना बोअर, म्हणजे बॅरलची आतली पोकळी, बरोबर सरळ होतो. ही करामत मला अजूनही आवडते.

खरा फरक एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत. लायकमिंगच्या बहुतेक इंजिनांत त्याचा दांडा पोकळ असतो आणि आत सोडियम. ते ९८ अंशांना वितळतं, व्हॉल्व्हबरोबर हिंदकळतं आणि उष्णता दांड्यावाटे गाइडकडे, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्याकडे, नेतं. व्हॉल्व्ह वाचतो, गाइड तापतं. तिथलं तेल जळून कार्बन धरतो. मग एखाद्या सकाळी थंड इंजिन लंगडत सुरू होतं आणि तापल्यावर सुधारतं. याला 'मॉर्निंग सिकनेस' म्हणतात. नाव गमतीचं आहे, पण पुढची पायरी अडकलेला व्हॉल्व्ह आणि वाकलेला पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी).

कॉन्टिनेंटलचा व्हॉल्व्ह भरीव. त्याची उष्णता मुख्यतः सीटमधून, म्हणजे बंद होताना तो ज्या कड्यावर टेकतो त्यातून, जाते. सीटवर नीट टेकला नाही तर कड जळते. म्हणून तिथे माझा भरवसा कॉम्प्रेशनच्या आकड्यापेक्षा (सिलिंडरमध्ये हवा भरून किती दाब टिकतो ते) बोअरस्कोपवर, म्हणजे आत डोकावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यावर. ८० पौंड दाबाने हवा भरल्यावर ४५ टिकलेले दिसले तरी सिलिंडर चालण्याजोगा असू शकतो. पण व्हॉल्व्हच्या चकतीवर एकाच कडेला रंग बदललेला दिसला, तर मी तो सिलिंडर उतरवायला सांगतो.

'अँगल व्हॉल्व्ह, म्हणजे तिरक्या व्हॉल्व्हचं इंजिन, घ्यावं का?' हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. लायकमिंगच्या ३६० (घन इंच) इंजिनात बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तेच, पण समांतर व्हॉल्व्हचं इंजिन १८० हॉर्सपॉवर देतं, तिरक्या व्हॉल्व्हचं २००. बदल्यात वजन वाढतं आणि खर्चही. शिकाऊ सेस्ना १७२ ला समांतरच पुरतो.

आता विमान कुठे उभं असतं ते. त्यावर बॅरलची आतली भिंत कशी हवी ते ठरतं. नायट्राइड केलेली, म्हणजे नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कठीण केलेली भिंत कठीण असते, पण गंजते. क्रोमचा मुलामा दिलेली गंजत नाही. मात्र तेल धरून ठेवत नाही, त्यामुळे पिस्टनच्या रिंगा बसायला वेळ लागतो आणि सुरुवातीला इंजिन तेल पितं. लायकमिंगवर फिनांवरचा (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पातळ पात्यांवरचा) निळा पट्टा नायट्राइडचा, नारिंगी क्रोमचा. क्रोमच्या भिंतीत क्रोमच्या रिंगा कधीही घालायच्या नाहीत.

रोज उडणाऱ्या शाळेच्या विमानाला मी डोळे मिटून नायट्राइड सांगेन. जुहूसारख्या समुद्राकाठच्या धावपट्टीवर पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या खासगी विमानाला मात्र नाही. आणि 'दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालवतो की' असं मालक म्हणाले, तर तेही बंद करायला सांगतो. तेवढ्यात तेल पुरेसं तापत नाही आणि जळणातून आलेलं पाणी आतच राहतं. हाताने पंखा फिरवून ठेवणं त्याहून वाईट: भिंतीवर जे काही तेल उरलेलं असतं, तेही रिंगा पुसून नेतात. उडवता येत नसेल तर गंज रोखणारं प्रिझर्व्हेशन ऑइल भरा, ओलावा शोषणारे डेसिकंट प्लग लावा आणि पाऊस संपेपर्यंत त्याला हात लावू नका.