ऑफिसातली वामकुक्षी

चीनमधल्या सुझोऊला इंटर्नशिप सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आज शेवटी मीही ऑफिसात झोपले. रीतसर, साहेबांच्या देखत!

इथे बाराला जेवण, साडेबाराला दिवे बंद. मग टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात, उशा निघतात. शेजारची ताई डोळ्यांवर पट्टी बांधते आणि पाच मिनिटांत घोरायला लागते. पहिल्या दिवशी मला वाटलं, वीजच गेली. या झोपेला 'वूश्यू' म्हणतात. दुपारी एक ते चारवरून आपण पुणेकरांना उगाच बदनाम केलंय.

दीडला दिवे लागले की जो तो आपला थर्मास घेऊन मशीनपाशी. पाणी गरमच, तेही जूनच्या या चिकचिकाटात. आज मी दोनदा शिंकले तर तिघांनी येऊन सांगितलं, 'त्वो ह र-श्वेइ', म्हणजे भरपूर गरम पाणी पी. सर्दी, पोटदुखी, पाळी, सगळ्याला औषध एकच. आजीने निदान सुंठ तरी घातली असती त्यात.

जेवणाचं मात्र विचारू नका. 'मांस नको' सांगून मागवलेल्या वांग्यात परत खिमा निघाला. थोडासाच आहे, असं वर स्पष्टीकरण!

रात्री नऊला आईला फोन लावला. तिकडे साडेसहा, ती दिवा लावत होती. झोपेचं ऐकून क्षणभर गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, काढून टाकतील तुला!"